चार्टमधला ‘आपोआप’ रंग मॅक्रोने कसा वाचायचा

(जाहीर व्याख्यानाचे संपादित शब्दांकन. कोडमधली नावे वक्त्याने उच्चारली तशीच ठेवली आहेत.)

आजचा विषय वाचून काही जणांनी मघाशी दारातच विचारलं, की रंग तर डोळ्यांना दिसतो, मग तो मॅक्रोकडून वाचून घ्यायचा कशाला? प्रश्न रास्त आहे. तेव्हा ‘कसा’कडे जाण्याआधी ‘कशाला’ ते बघू.

समजा, तुमच्याकडे सातारा जिल्ह्याच्या पावसाची एक्सेल फाईल आहे. जिल्ह्यात तालुके अकरा. जून ते सप्टेंबर, आठवड्याला एक आकडा. अकरा तालुक्यांच्या अकरा रेषा काढल्या. यादी अशी आहे असं धरून चाला: महाबळेश्वर, वाई, खंडाळा, फलटण, माण, खटाव, कोरेगाव, सातारा, जावळी, पाटण, कऱ्हाड. रंग आपण दिले नाहीत, एक्सेलने आपोआप दिले. आता हा चार्ट अहवालात जाणार, त्याखाली आकड्यांचा तक्ता येणार, आणि तक्त्यातल्या तालुक्याच्या नावाला रेषेचाच रंग हवा, म्हणजे वाचणाऱ्याला शोधाशोध करावी लागणार नाही. अशी फाईल दर आठवड्याला करायची. अकरा रंग डोळ्यांनी बघून हाताने जुळवायचे म्हटलं तर पहिल्या आठवड्यात हौसेने होईल, चौथ्या आठवड्यात कंटाळा येईल, आणि सातव्या आठवड्यात एक रंग चुकेल.

चुकला तर काय बिघडलं? बघा. २०१६ नंतरच्या आणि २०२३ च्या आधीच्या एक्सेलमध्ये नेहमीच्या ‘ऑफिस’ थीमवर चार्ट काढला, तर पहिली रेषा निळी आणि पाचवी आकाशी. म्हणजे आपल्या यादीत महाबळेश्वर निळं आणि माण आकाशी. महाराष्ट्रात सर्वांत जास्त पाऊस पडणाऱ्या ठिकाणांपैकी एक, आणि जिथे पाण्याच्या टँकरचा हिशोब करावा लागतो असा दुष्काळी तालुका, दोघं निळ्याच घरातले! पुढे ऐका. सहा मूळ रंग संपले की सातव्यापासून तेच रंग गडद होऊन परत येतात. त्यामुळे सातवं कोरेगाव गडद निळं, आणि अकरावं कऱ्हाड, तेही गडद निळसर. अकरा रेषांत चार निळ्या. इथे तक्त्याचा रंग एका घराने सरकला, तर वाचणारा माणचा पाऊस म्हणून भलत्याच तालुक्याचा आकडा वाचेल. एक्सेल ‘एरर’ दाखवणार नाही, कारण आकडे बरोबरच आहेत. चुकला आहे तो फक्त रंग.

म्हणून रंग यंत्राने वाचावा आणि यंत्रानेच लावावा. आणि नेमका इथेच घोटाळा सुरू होतो.

‘नेहमीचा’ म्हणजे कोणता?

चहाच्या टपरीवर रोजचं गिऱ्हाईक येतं आणि म्हणतं, ‘एक नेहमीचा.’ मालकाला कळतं, कमी साखर, आलं जास्त. पण वहीत काय लिहिलं जातं? ‘नेहमीचा, एक.’ उद्या कोणी ती वही उघडून विचारलं की यात साखर किती, तर वही काय सांगणार?

चार्टमधल्या सीरीजचा आपोआप रंग हा असाच असतो. तुम्ही सीरीजवर राइट क्लिक करून लाल रंग दिला, तर फाईलमध्ये ‘लाल’ अशी नोंद होते. नाही दिला, तर रंगाची नोंद रिकामी राहू शकते, किंवा ‘थीमचा पहिला रंग’ एवढाच दाखला असतो. पडद्यावर रेषा रंगवताना एक्सेल त्या क्षणी ठरवतं, की ही कितवी सीरीज, कोणती थीम, आणि मग ब्रश उचलतं. मॅक्रो विचारतो तो प्रश्न वहीला जातो. ब्रशला विचारायची सरळ सोय नाही.

सेलच्या बाबतीत ही सोय मायक्रोसॉफ्टने केली आहे. कंडिशनल फॉर्मॅटिंगने सेल लाल झाला असेल, तर ‘इंटिरिअर डॉट कलर’ विचारून तो लाल कळत नाही, सेलचा मूळ रंग कळतो. म्हणून एक्सेल २०१० मध्ये ‘डिस्प्लेफॉर्मॅट’ आलं. ते दिसणारा रंग सांगतं. चार्टच्या सीरीजला मात्र डिस्प्लेफॉर्मॅट नाही. त्यामुळे आपल्याला थोडं वळसा घालून जावं लागतं.

जुन्या एक्सेलचा सोपा हिशोब

थोडा इतिहास सांगतो, कारण जुने मॅक्रो अजून कित्येक कार्यालयांत चालू आहेत.

एक्सेल २००३ पर्यंत प्रत्येक वर्कबुकला ५६ रंगांची एक पेटी असायची. रंगाला नाव नाही, क्रमांक. त्याला म्हणायचं ‘कलरइंडेक्स’. चार्टसाठी त्या पेटीतले सोळा कप्पे राखीव होते. १७ ते २४ हे भरीव चार्टना, म्हणजे स्तंभ वगैरे. २५ ते ३२ हे रेषांना. ज्यांनी त्या काळात काम केलंय त्यांना आठवत असेल, स्तंभांचा चार्ट काढला की पहिला फिकट जांभळट निळा, दुसरा वांगी रंगाचा, तिसरा साईसारखा पिवळट, चौथा पाणचट आकाशी. रेषा काढल्या की गडद निळी, मग भडक गुलाबी, मग पिवळी. पांढऱ्या कागदावर ती पिवळी रेषा शोधत बसायची!

तेव्हा मॅक्रोने आपोआप रंगाच्या सीरीजला ‘इंटिरिअर डॉट कलरइंडेक्स’ विचारलं, की उत्तर यायचं उणे ४१०५. अनेक जण हा आकडा बघून बिचकायचे. तो रंग नाहीच. तो एक्सेलचा सांकेतिक शब्द आहे, ‘ऑटोमॅटिक’. म्हणजे वही म्हणतेय, ‘नेहमीचा.’ तसाच उणे ४१४२ म्हणजे ‘काहीच नाही’.

पण पेटी ठरलेली होती, त्यामुळे हिशोब सोपा. स्तंभांची पहिली सीरीज असेल तर सतरावा कप्पा, दुसरी असेल तर अठरावा. ‘ॲक्टिव्हवर्कबुक डॉट कलर्स’ला सोळा अधिक सीरीजचा क्रमांक द्यायचा आणि खरा रंग मिळवायचा. रेषा असेल तर चोवीस अधिक क्रमांक. आठपर्यंत हे बिनचूक चालायचं.

एक्सेल २००७ आलं आणि पेटीची जागा थीमने घेतली. थीममध्ये सहा ‘ॲक्सेंट’ रंग. वर्कबुकची थीम बदलली की सगळे चार्ट आपोआप नव्या रंगात. दिसायला छान, पण जुने मॅक्रो अडले. आपोआप सीरीजला रंग विचारला तर कधी १६७७७२१५ हा आकडा यायचा. हा आकडा म्हणजे पांढरा. पडद्यावर रेषा ठसठशीत निळी आणि मॅक्रो म्हणतोय पांढरी! रेषांच्या आणि स्कॅटर चार्टवर हे विशेष होतं. या आकड्यावर विश्वास ठेवून तक्त्यातली अक्षरं रंगवली, तर पांढऱ्यावर पांढरी अक्षरं, म्हणजे तालुक्यांची नावंच गायब.

रंगाचा आकडा कसा फोडायचा

हा १६७७७२१५ आला कुठून, ते समजून घेऊ, म्हणजे पुढचं सोपं जाईल.

प्रत्येक रंगात लाल, हिरवा, निळा यांचं प्रमाण असतं, प्रत्येकी ० ते २५५. एक्सेल हे तीन आकडे एकाच मोठ्या आकड्यात बांधतं. लाल जसाच्या तसा, हिरवा गुणिले २५६, निळा गुणिले ६५५३६, आणि तिघांची बेरीज. तिन्ही २५५ असतील तर बेरीज येते १६७७७२१५, म्हणजे पांढरा.

आपलं महाबळेश्वर घ्या. तो निळा म्हणजे लाल ६८, हिरवा ११४, निळा १९६. करा बेरीज. ६८, अधिक २९१८४, अधिक १२८४५०५६. उत्तर १२८७४३०८. मॅक्रोने हा आकडा दिला तर समजायचं, पहिला ॲक्सेंट बरोबर वाचला.

उलटं फोडायचं असेल तर: आकड्याला २५६ ने भागून उरलेली बाकी म्हणजे लाल. २५६ ने भागून आलेल्या पूर्ण भागाकाराला पुन्हा २५६ ने भागायचं, ती बाकी म्हणजे हिरवा. आणि ६५५३६ ने पूर्ण भागाकार म्हणजे निळा. व्हीबीएमध्ये बाकीसाठी ‘मॉड’ आहे आणि पूर्ण भागाकारासाठी उलटी तिरपी रेघ. सरळ तिरपी रेघ वापरली तर दशांश येतात, तेवढं सांभाळा.

इथे एक सापळा आहे. वेबसाइटवर किंवा छापखान्यात रंगाचा सोळामानी कोड लागतो. या निळ्याचा कोड आहे ४४७२सी४. पण व्हीबीएच्या ‘हेक्स’ फंक्शनला तो मोठा आकडा दिला, तर बाहेर येतं सी४७२४४. जोड्या उलट्या! कारण एक्सेल निळ्याला सर्वांत मोठ्या स्थानावर ठेवतं, आणि वेबवाले लालला. तसाच कोड पुढे पाठवलात तर निळ्याच्या जागी विटकरी रंग छापून येईल. आधी तीन आकडे वेगळे करा, मग लाल-हिरवा-निळा या क्रमाने जोडा.

मॅक्रोची पायरी-पायरीने बांधणी

आता कामाचं. मी कोड तोंडी सांगतो, तुम्ही वहीत रचना उतरवून घ्या.

पहिली पायरी, पत्ता. वर्कशीटमध्ये ‘चार्टऑब्जेक्ट’ असतो, ती चौकट. चौकटीच्या आत ‘चार्ट’. चार्टमध्ये ‘सीरीजकलेक्शन’. त्यातली एकेक ‘सीरीज’. सीरीजला ‘फॉर्मॅट’. फॉर्मॅटखाली दोन वेगळी खाती, ‘फिल’ आणि ‘लाइन’. दोन्हींच्या आत ‘फोअरकलर’, आणि त्याच्या आत ‘आरजीबी’. स्तंभ असेल तर फिल खात्यात बघायचं, रेषा असेल तर लाइन खात्यात. निम्म्या तक्रारी इथेच मिटतात. रेषेच्या सीरीजला फिल विचारून कोरडं उत्तर घेतलेलं असतं.

दुसरी पायरी, नुसता आकडा घेऊन थांबायचं नाही. ‘फोअरकलर’ला ‘टाइप’ विचारा. १ आलं तर कोणीतरी नेमका रंग दिलेला आहे. २ आलं तर थीमचा दाखला आहे. मग ‘ऑब्जेक्टथीमकलर’ विचारा. ५ म्हणजे पहिला ॲक्सेंट, आणि १० म्हणजे सहावा. एक्सेल २०१३ पासून तुम्ही माउसने चार्ट काढलात, की बहुतेक वेळा थीमचा हा दाखला फाईलमध्ये तेव्हाच लिहिला जातो. त्यामुळे नव्या आवृत्तीत नव्याने काढलेल्या चार्टला सरळ विचारूनही योग्य रंग मिळतो. अडचण उरते ती जुन्या फाईलींची, आणि दुसऱ्या एखाद्या सॉफ्टवेअरने तयार करून दिलेल्या फाईलींची. त्यांत दाखला नसतो, नोंद रिकामी असते.

तिसरी पायरी, या रिकाम्या नोंदीवरचा उपाय. सीरीजला तात्पुरतं स्तंभ करायचं. आपोआप रंग ठरतो तो सीरीजच्या क्रमांकावर आणि थीमवर. प्रकार बदलला तरी क्रमांक तोच, थीम तीच, म्हणून रंगही तोच. फक्त आता तो फिल खात्यात आला, आणि फिल खातं आपोआप रंगाचं उत्तर जास्त भरवशाने देतं. टपरीच्या भाषेत, वही बोलत नसेल तर मालकाला दुसऱ्या कपात तोच चहा करायला सांगायचा आणि बघायचं.

क्रम असा. सीरीजचा आत्ताचा ‘चार्टटाइप’ एका व्हेरिएबलमध्ये ठेवा. मग चार्टटाइपला ५१ द्या, म्हणजे साधा स्तंभ. मग ‘फॉर्मॅट डॉट फिल डॉट फोअरकलर डॉट आरजीबी’ वाचा. मग ठेवलेला प्रकार परत द्या. अकरा सीरीजसाठी अकरा वेळा.

हे ऐकायला सोपं आहे, पण मूळ चार्टवर करू नका. मध्येच कुठे अडखळलं, तर तुमच्या दहा रेषा आणि एक स्तंभ असा चार्ट मागे राहील. स्कॅटर चार्टचे अक्ष बदलू शकतात, दुय्यम अक्ष असेल तर त्याची मांडणी बिघडू शकते. म्हणून चौथी पायरी आधी करा: ‘चार्टऑब्जेक्ट डॉट ड्युप्लिकेट’. चौकटीची प्रत काढा, प्रतीवर प्रयोग करा, रंग लिहून घ्या, प्रत ‘डिलीट’ करा. पडदा लुकलुकू नये म्हणून सुरुवातीला ‘स्क्रीनअपडेटिंग’ बंद, शेवटी चालू. आणि त्रिमितीय चार्टला ही युक्ती लागू नाही. एकाच चार्टमध्ये एक सीरीज द्विमितीय आणि बाकीच्या त्रिमितीय एक्सेल ठेवू देत नाही, तिथे मॅक्रो थांबेल.

आणखी एक मर्यादा, ही नीट ध्यानात घ्या. ज्या रेषेला कोणी हाताने रंग दिलाय, तिला ही युक्ती लावायची नाही. हाताने दिलेला लाल हा लाइन खात्यात आहे. स्तंभ केल्यावर फिल खातं विचाराल, तर तिथे आपोआप रंग बसलेला असू शकतो. म्हणजे रेषा लाल आणि उत्तर निळं. म्हणून आधी टाइप विचारा. १ आला तर लाइन खात्यातलाच रंग घ्या आणि पुढे चला.

पाचवी पायरी, पडताळा. मिळालेला आकडा चार्टशेजारच्या एका सेलला ‘इंटिरिअर डॉट कलर’ म्हणून द्या. सेलचा रंग आणि सीरीजचा रंग एकाच पद्धतीने बांधलेले असतात, त्यामुळे मध्ये काही रूपांतर करावं लागत नाही. अकरा सेल रंगले, की सेल आणि रेषा शेजारी ठेवून एकदा डोळ्यांनी बघा. इथे डोळ्यांचं काम आहे, आणि ते एकदाच करायचं आहे.

शंका राहिलीच, तर फाईलच्या पोटात बघता येतं. एक्सएलएसएक्स फाईल ही खरं तर झिप असते. तिची प्रत घ्या, शेवटचं नाव बदलून झिप करा आणि उघडा. ‘एक्सएल’ फोल्डरमध्ये ‘चार्ट्स’ फोल्डर, त्यात ‘चार्ट१’ नावाची एक्सएमएल फाईल. त्यात सीरीजसाठी ‘सेर’ नावाचा भाग असतो, आणि त्याच्या आत सजावटीचा ‘एसपीपीआर’. हा एसपीपीआर नसेल तर रंग पूर्ण आपोआप. असेल आणि त्यात ‘ॲक्सेंट१’ लिहिलेलं असेल तर थीमचा दाखला.

वाचला, आता पुढे काय?

रंग वाचता आला म्हणजे काम संपलं असं नाही. आपोआप रंग स्थिर नसतो. हाच चार्ट वर्डमध्ये किंवा पॉवरपॉइंटमध्ये चिकटवताना ‘तिथली थीम वापरा’ हा पर्याय घेतला, की रंग बदलतात. पेज लेआउटमध्ये कोणी थीम बदलली, की बदलतात. मायक्रोसॉफ्टने स्वतः नेहमीची थीमही बदलली आहे. २००७ ची वेगळी, २०१३ ची वेगळी. २०१३ मध्ये आकाशी पहिला होता आणि निळा पाचवा, पुढे त्यांची अदलाबदल झाली. २०२३ पासून पहिला रंग गडद हिरवट निळा आहे. आणि पुढच्या आठवड्यात कोणी तालुक्यांची यादी अकारविल्हे लावून नवा चार्ट काढला, तर पहिला कऱ्हाड होईल आणि महाबळेश्वरचा निळा त्याला मिळेल. मागच्या आठवड्याचा अहवाल शेजारी ठेवून वाचणाऱ्याचं काय होईल, विचार करा.

म्हणून अहवाल वारंवार निघणार असेल, तर आपोआपवर विसंबू नये. वाचलेला रंग त्याच सीरीजला पक्का करून टाकावा. म्हणजे ‘फॉर्मॅट डॉट लाइन डॉट फोअरकलर डॉट आरजीबी’ला तोच आकडा परत द्यायचा. आता टाइप १ झाला, थीम बदलली तरी हलणार नाही.

त्याहून चांगली पद्धत म्हणजे ‘रंग’ नावाची एक वेगळी शीट. पहिल्या रकान्यात तालुक्याचं नाव, दुसऱ्या रकान्यातला सेल त्या रंगाने भरलेला. मॅक्रो प्रत्येक सीरीजचं ‘नेम’ बघेल, यादीत शोधेल, सेलचा रंग घेईल आणि सीरीजला व तक्त्याला दोन्हीकडे लावेल. माणचा रंग एकदा ठरला की क्रम कसाही लागो, माण त्याच रंगात. रंग बदलायचा तर सेल बदला, कोडला हात नको.

मराठीत काम करणाऱ्यांसाठी दोन सूचना. एक, तालुक्यांची नावं थेट कोडमध्ये लिहू नका. व्हीबीएच्या एडिटरला देवनागरी झेपत नाही, तिथे प्रश्नचिन्हं उमटतात. नावं सेलमध्येच ठेवा, सेलमध्ये देवनागरी व्यवस्थित राहते आणि मॅक्रो ती वाचूही शकतो. दोन, जुळणी अक्षरशः होते. ‘कराड’ आणि ‘कऱ्हाड’ हे मॅक्रोला दोन तालुके वाटतील. इतकंच काय, ‘कऱ्हाड’मधला तो ‘ऱ’ वेगवेगळ्या कीबोर्डवर वेगवेगळ्या पद्धतीने टंकला जातो. कुठे तो एकच अक्षर असतो, कुठे ‘र’ अधिक नुक्ता. दिसायला सारखं, पण जुळत नाही. म्हणून नाव पुन्हा पुन्हा टंकू नका. ‘रंग’ शीटवरची यादीच मूळ धरा आणि बाकी सगळीकडे तिथूनच घ्या. आणि जुळणी सापडली नाही, तर मॅक्रोने गप्प बसू नये, नाव दाखवून थांबावं.

प्रश्नोत्तरे

प्रश्न: पाय चार्टमध्ये सीरीज एकच असते, मग रंग कसे वाचायचे?

बरोबर. तिथे रंग सीरीजला नसतात, प्रत्येक ‘पॉइंट’ला असतात. ‘सीरीज डॉट पॉइंट्स’मध्ये क्रमांक द्यायचा आणि मग फॉर्मॅट, फिल वगैरे. स्तंभांच्या चार्टमध्येही ‘व्हेरी बाय कॅटेगरीज’ चालू असेल तर असंच, प्रत्येक स्तंभ वेगळ्या रंगाचा. ते चालू आहे का, हे ‘चार्टग्रुप’ला विचारता येतं. आणि ‘इन्व्हर्ट इफ निगेटिव्ह’ चालू असेल, तर उणे किमतीचे स्तंभ वेगळे दिसू शकतात. सीरीजचा रंग बरोबर वाचूनही ते जुळणार नाहीत.

प्रश्न: हे फंक्शन म्हणून सेलमध्ये लिहिता येईल का?

रंग वाचण्याचा साधा भाग कदाचित जमेल, पण स्तंभ करून परत फिरवण्याचा भाग नाही. सेलमधून बोलावलेल्या फंक्शनला शीटमध्ये बदल करायची मुभा नसते. डिस्प्लेफॉर्मॅटही अशा फंक्शनमध्ये चालत नाही. त्यापेक्षा बटण ठेवा आणि मॅक्रो चालवा. शिवाय रंग बदलला म्हणून एक्सेल फेरगणित करत नाही, त्यामुळे फंक्शनचं उत्तर शिळं राहील.

प्रश्न: आमच्याकडे मेलने आलेल्या फाईलमधला मॅक्रो चालतच नाही.

दोन गोष्टी तपासा. फाईल एक्सएलएसएक्स म्हणून साठवली असेल तर त्यात मॅक्रो राहतच नाहीत, एक्सएलएसएम हवी. दुसरं, इंटरनेटवरून आलेल्या फाईलींतले मॅक्रो २०२२ पासून मुळातच अडवले जातात. पाठवणारा माणूस ओळखीचा आहे आणि फाईल त्यानेच पाठवली आहे याची खात्री केल्याशिवाय ती अडवणूक काढू नका. रंगासाठी संगणक धोक्यात घालू नये.

प्रश्न: केलेले रंग नकोसे झाले तर परत आपोआप करता येतात का?

येतात. सीरीजवर राइट क्लिक करून ‘रिसेट टू मॅच स्टाइल’. मॅक्रोने करायचं तर ‘चार्ट डॉट क्लिअर टू मॅच स्टाइल’. पण ते चार्टची हाताने केलेली बाकीची सजावटही पुसतं. आधी प्रत काढून ठेवा.

प्रश्न: आमचे अहवाल शेवटी काळ्यापांढऱ्या झेरॉक्सवर जातात. मग या सगळ्याचा उपयोग काय?

हा प्रश्न फार महत्त्वाचा, आणि त्याचं उत्तरही वाचलेल्या रंगातूनच मिळतं. रंगाचा उजळपणा मोजायचं एक जुनं सूत्र आहे: लाल गुणिले ०.२९९, हिरवा गुणिले ०.५८७, निळा गुणिले ०.११४, आणि बेरीज. शून्य म्हणजे काळा, २५५ म्हणजे पांढरा. आपल्या चार्टला हे लावून बघा. माणचा आकाशी येतो साधारण १४२. खटावचा हिरवा १४३. वाईचा नारिंगी १५०. म्हणजे झेरॉक्समध्ये माण आणि खटाव एकाच राखाडीत, आणि वाई त्यांच्या अगदी जवळ. वाई आणि माण यांचा पाऊस किती वेगळा, आणि कागदावर रेषा जवळजवळ सारख्या! शिवाय काही माणसांना, विशेषतः पुरुषांना, लाल-हिरव्यातला फरक जन्मतः नीट कळत नाही. त्यांना रंगीत प्रतीचाही पुरेसा उपयोग नसतो.

तेव्हा मॅक्रोत एवढं घाला. प्रत्येक रंगाचा उजळपणा काढा, कोणत्याही दोन सीरीजमध्ये फरक फार कमी असेल तर सूचना द्या. आणि एकट्या रंगावर भार टाकू नका. रेषेच्या शेवटच्या बिंदूला तालुक्याचं नाव लावा, एखादी रेषा तुटक करा. अकरा रेषा एका चौकटीत कोंबण्यापेक्षा पश्चिमेकडचे जास्त पावसाचे तालुके एका चार्टमध्ये आणि पूर्वेकडचे कमी पावसाचे दुसऱ्या चार्टमध्ये काढा. म्हणजे सहाच्या आत रंग पुरतील, आणि माणची रेषा महाबळेश्वरच्या सावलीत तळाला चिकटून न जाता तिचे चढउतारही दिसतील.

‘रंग’ शीट घरी गेल्यावर आजच करून ठेवा, मॅक्रो नंतर लिहिलात तरी चालेल. ती शीट तयार असेल, तर मॅक्रो न येणारा सहकारीसुद्धा माणला माणचाच रंग देऊ शकतो.